नवरसपूर पडले, दमाम उरला : कुंभारीला एक रंगमंच का हवा

१/ सोलापूर सोडून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर कुंभारी येते. आज हे गाव कामगारांच्या घरकुलांसाठी ओळखले जाते. चारशे वर्षांपूर्वी हा सारा मुलूख आदिलशाही आणि निजामशाही यांच्या ओढाताणीत सापडलेला होता, आणि १६२५ साली सोलापूर जिंकून घेणारा सेनानी जन्माने आफ्रिकी होता. त्याचे नाव मलिक अंबर. त्याच्या लढाया आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहेत, म्हणून या थ्रेडमध्ये लढायांची उजळणी करणार नाही. एक मत मांडणार आहे : दख्खनच्या आफ्रिकी वारशाला पुतळ्यापेक्षा रंगमंचाची गरज अधिक आहे, आणि असा रंगमंच उभारण्यासाठी कुंभारीसारखी कामगार वसाहत ही योग्य जागा आहे.

२/ प्रथम पार्श्वभूमी. मध्ययुगात इथिओपिया आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे गुलाम म्हणून अरबस्तानात आणि तेथून दख्खनच्या बंदरांवर आणली जात. त्यांना आपल्याकडे हबशी किंवा सिद्दी म्हणत. १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला अंबर असाच हात बदलत बगदादमार्गे दख्खनमध्ये पोहोचला. अहमदनगरचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतःही हबशीच होता. येथल्या दरबारांत लष्करी गुलामाला मोकळीक आणि मोठेपणा मिळवण्याची वाट खुली होती. म्हणूनच विकला गेलेला मुलगा पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष होऊ शकला.

३/ सोलापूरचा या कथेशी संबंध जुना आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची कन्या चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली गेली, तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला. हे आंदण दोन्ही घराण्यांच्या मनात पुढे कायम सलत राहिले. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर अंबरने निजामशाहीचा वारस गादीवर बसवला आणि परांड्याहून कारभार सुरू केला. आजचा परांडा आणि सोलापूर हे अंतर एका सकाळच्या प्रवासाचे आहे. तेव्हा आफ्रिकी इतिहास म्हणजे समुद्रापलीकडची गोष्ट, असे निदान सोलापूरकराने तरी समजू नये.

४/ आता विजापूरकडे वळू. १५८० साली दुसरा इब्राहिम आदिलशहा गादीवर आला तेव्हा तो नऊ-दहा वर्षांचा होता. राज्यकारभार पालक-सरदारांच्या हाती गेला. त्यांत दिलावरखान हबशी याने १५८२ ते १५९० अशी सुमारे आठ वर्षे सत्ता चालवली. म्हणजे या राजाचे कोवळे वय एका आफ्रिकी वंशाच्या कारभाऱ्याच्या छायेत गेले. पुढे मुहम्मद आदिलशहाच्या काळात इखलासखान हबशी इतका मोठा झाला की, सुलतान आणि तो एकाच हत्तीवर बसलेले असे चित्र दरबारी चित्रकारांनी काढले. सत्तेच्या चित्रांत हबशी ठळक आहे. कानाने ऐकायच्या इतिहासात मात्र तो आपल्याला सहसा भेटत नाही.

५/ हाच इब्राहिम संगीताचा वेडा निघाला. त्याने दख्खनी भाषेत 'किताब-ए-नवरस' हा गीतसंग्रह रचला. त्यात सरस्वती आणि गणपती यांना वंदन आहे, तसेच गुलबर्ग्याच्या बंदानवाज गेसूदराज यांनाही आहे. राजाच्या लाडक्या तंबोऱ्याला मोतीखान असे नावही होते. १५९९ साली त्याने विजापूरच्या पश्चिमेला, आजच्या तोरवीजवळ, एक नवे नगरच वसवायला घेतले आणि त्याला नाव दिले नवरसपूर. गायक, वादक आणि कारागीर यांच्यासाठी एक अख्खे शहर. तेथील संगीत महालाच्या उंच कमानी आजही उभ्या आहेत.

६/ या नगराचे पुढे काय झाले? १६२४ साली विजापूरने मोगलांशी हातमिळवणी केली, तेव्हा मलिक अंबर आदिलशाही मुलखात घुसला आणि त्याने नवरसपूर लुटून उद्ध्वस्त केले. त्याच वर्षी भातवडीच्या रणात त्याने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना धूळ चारली. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. पुढच्या वर्षी सोलापूर पडले. हबशी पालकाच्या छायेत वाढलेल्या राजाने उभारलेले संगीताचे नगर एका हबशी सेनानीने मोडले. अवघ्या २५ वर्षांत नवरसपूरचा खेळ आटोपला.

७/ यातून कुणी अंबरला कलेचा वैरी ठरवू नये. शत्रूच्या वैभवावर घाव घालणे ही त्या काळच्या युद्धाची रीत होती. खडकीसारखे शहर वसवणारा आणि तेथे भूमिगत नहरींनी पाणी आणणारा हा माणूस बांधणेही जाणत होता. मला यातून निघणारा धडा वेगळा वाटतो. जे कलागृह एका राजाच्या खजिन्यावर उभे असते, ते त्या राजाच्या पडझडीबरोबर पडते. नवरसपूर प्रजेने मागितले नव्हते. म्हणूनच पडल्यावर ते पुन्हा उभे करायला कुणी आले नाही.

८/ आता त्याच काळातील दुसरा प्रवाह पाहा. सगळेच आफ्रिकी सरदार झाले नाहीत. गोव्यातील पोर्तुगिजांच्या गुलामीतून निसटलेली अनेक माणसे सह्याद्रीच्या रानात शिरली. त्यांचे वंशज आज उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, जोयडा या भागांत राहतात. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत; बोली कोकणी वळणाची, तिच्यात मराठी आणि कानडी शब्द मिसळलेले. २००३ साली या जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. यांच्याकडे किल्ला नव्हता, जहागीर नव्हती. दोन्ही तोंडांनी वाजणारा 'दमाम' नावाचा ढोल मात्र होता, आणि त्याच्या ठेक्यावरचे नृत्य होते.

९/ गुजरातेत भडोचजवळच्या रतनपूर येथे बावा गोर यांच्या दर्ग्याभोवती सिद्दी समाजाची 'धमाल' वाजते. तेथे तिला 'गोमा' असेही म्हणतात. पूर्व आफ्रिकेतील बांटू भाषांमध्ये 'न्गोमा' म्हणजे ढोल, त्यावरचे नृत्य आणि त्यासाठी जमलेला मेळाही. समुद्र ओलांडताना भाषा बव्हंशी हरवली, हा एक शब्द टिकला. त्यांच्याकडे भोपळा बांधलेले एकतारी धनुष्यवाद्य आहे, त्याला 'मलुंगा' म्हणतात. ब्राझीलमधील आफ्रिकी वंशीयांच्या 'बेरिंबाऊ'शी त्याचे नाते कोणत्याही वाद्यप्रेमीला एका दृष्टिक्षेपात कळेल. एक फांदी पश्चिमेला गेली, एक आपल्या दारात आली.

१०/ येथे तुलना करून पाहा. राजाश्रयाचे नवरसपूर २५ वर्षे चालले. आश्रयावाचूनचा ठेका शतकानुशतके चालला. मग कुणी म्हणेल, इमारतीवाचून कला टिकत असेल तर रंगमंचाचा हट्ट कशाला? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच खरा आहे. दमामला इमारत नव्हती, तरी जागा होती. पाड्याचे अंगण होते, दर्ग्याचे आवार होते, लग्नाचा मांडव होता, होळीचा माळ होता. त्या जागेवर समाजाचा हक्क होता आणि रात्रभर वाजवले तरी हटकणारे कुणी नव्हते. ताल टिकला तो या हक्काच्या जमिनीवर.

११/ पोटासाठी गाव सुटते तेव्हा पहिले अंगण जाते. शहरात भाड्याच्या खोलीत माणूस भांडी आणतो, देव आणतो; मेळा आणता येत नाही. आजी गाणे म्हणते, नात अर्धे शिकते, पणतीला फक्त चाल आठवते. जगभरच्या स्थलांतरितांच्या कला अशाच निसटत गेल्या. म्हणून स्थलांतरितांच्या वसाहतीत रंगमंच बांधणे ही चैन नाही. हरवलेल्या अंगणाची ती भरपाई आहे. या अर्थाने मी कुंभारीकडे पाहतो.

१२/ कुंभारी म्हणजे काय, हे महाराष्ट्राबाहेरील मित्रांसाठी सांगतो. येथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांसाठी सुमारे १०,००० घरांची सहकारी वसाहत उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगारांच्या स्वाधीन झाली. पुढे त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी रे नगर हा ३०,००० घरांचा प्रकल्प आला; त्यांतील १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत देण्यात आली. विडी वळणारे, यंत्रमाग चालवणारे, कचरा वेचणारे, शिवणकाम करणारे यांचे हे घर. एका गावाच्या शिवारात एक शहरच वसले आहे.

१३/ या शहरात राहणारे कोण? सोलापूरच्या कामगारवर्गाचा मोठा भाग मुळात बाहेरून आलेला आहे. १८७७ साली सुरू झालेल्या पहिल्या कापडगिरणीच्या आधीपासून आणि नंतरही तेलंगणातील पद्मशाली विणकर येथे येत राहिले. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कानडी, गल्लीच्या टोकाला दख्खनी उर्दू, अशी येथली भाषिक वीण आहे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो. नवरात्रात बायका बतुकम्माभोवती फेर धरतात. हे लोक परक्या देशातून आले नाहीत, हे खरे. तरी विस्थापन, अंगमेहनत आणि सणातून जपलेली ओळख या तीन गोष्टी त्यांना सिद्दींच्या इतिहासाशी जोडतात. डायस्पोरा हा शब्द सोलापूरला शिकवावा लागत नाही. सोलापूर तो जगते.

१४/ कामगारवस्तीतून कलागृह उगवल्याचा जागतिक दाखला आहे. अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात १९१५ साली एका तरुण दांपत्याने गरीब वस्तीत समाजकेंद्र सुरू केले. दक्षिणेकडून उत्तरेच्या कारखान्यांत कामाला येणारी कृष्णवर्णीय कुटुंबे त्याच काळात त्या परिसरात स्थिरावत होती. मुलांच्या नाटकांपासून सुरुवात झाली आणि त्यातून 'करामू हाउस' हे रंगगृह घडले. करामू हा स्वाहिली शब्द. आनंदाने एकत्र जमण्याची जागा असा त्याचा अर्थ सांगतात. पुढे मोठा कवी झालेला लँग्स्टन ह्यूज शाळकरी वयात तेथे येत असे. शंभर वर्षे उलटली, तरी ते चालू आहे. कारण ती वस्तीची गरज होती.

१५/ आपल्याकडेही ही परंपरा आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले आणि गिरणगावच्या मैदानांत कामगारांपुढे गाणी-लोकनाट्ये सादर केली. मैदान हेच त्यांचे नाट्यगृह होते. कर्नाटकात हेग्गोडू येथील 'निनासम' या संस्थेने मंचीकेरी भागातील सिद्दींबरोबर नाटके बसवली. त्याच समाजातून गिरिजा सिद्दी यांच्यासारखी रंगभूमीवरची अभिनेत्री पुढे आली. सिद्दी समाज नाचतोच, संधी मिळाली तर तो नाटकही करतो. या साध्या गोष्टीसाठी कुणीतरी दार उघडावे लागले.

१६/ आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप मला या थ्रेडखाली नक्की येणार : जंजिऱ्याचा सिद्दी स्वराज्याचा वैरी, त्याचा उत्सव का करायचा? उत्तर असे. जंजिरा हे १९४८ पर्यंत टिकलेले एक संस्थान होते. सिद्दी हा एक समाज आहे. राज्याचे वैर समाजाच्या माथी मारता येत नाही. १६६० साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला होता, तेव्हा तो फोडायला नेतोजी पालकरांबरोबर गेलेल्या मराठी फौजेत सिद्दी हिलाल होता. वेढ्याच्या दोन्ही बाजूंना सिद्दी होते. इतिहास वाचणाऱ्याने निदान दोन्ही नावे लक्षात ठेवावीत.

१७/ दुसरा आक्षेप : सोलापुरात सिद्दी किती? मग येथे कशाला? याला महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासातून उत्तर देतो. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नावच ब्लॅक पँथरकडून घेतले. म्हणजे आपण हजारो मैलांवरच्या दुःखाशी शंभर वर्षे बोलत होतो. माझी खंत अशी की, आपल्याला हार्लेम ठाऊक झाले, मंचीकेरी मात्र अनोळखीच राहिली. पुस्तकातून जुळलेले हे नाते एकदा समोरासमोर बसून ऐकायला हवे. त्यासाठी जागा हवी.

१८/ तिसरा धोका आक्षेपापेक्षा गंभीर आहे, आणि तो आपल्याच उत्साहातून येतो. सिद्दी नृत्य म्हटले की मोरपिसे, रंगवलेले चेहरे, डोक्यावर फोडलेले नारळ असा एक ठरीव देखावा महोत्सवांतून मागितला जातो. प्रेक्षकाला जंगलातला आफ्रिकी पाहायचा असतो; कलावंताला पोट भरायचे असते. धमालीचे मूळ दर्ग्यातील भक्तीत आहे, हे टाळ्यांत बुडून जाते. रंगमंच असा देखावाच विकणार असेल, तर तो न बांधलेला बरा. काय सादर करायचे, काय घरातच ठेवायचे, चित्रफितीवर हक्क कुणाचा, मानधन किती, हे ठरवण्याच्या बैठकीत कलावंत बसलेला असला पाहिजे. तो कार्यक्रमपत्रिकेवरचे शेवटचे नाव होता कामा नये.

१९/ मग कुंभारीतला माझ्या मनातला रंगमंच कसा आहे? संगीत महालासारखा मुळीच नाही. अनवाणी नाचता येईल अशी जमीन, वर छप्पर, बऱ्यापैकी दिवे, बाजूला ध्वनिमुद्रणाची एक लहान खोली. वेळ संध्याकाळची, दिवसभर विड्या वळून हात मोकळे झालेल्या बायकांना येता येईल अशी. एका आठवड्यात बतुकम्माचा फेर, दुसऱ्यात शाहिरी, तिसऱ्यात कव्वाली. आणि वर्षातून एकदा यल्लापूर-हल्याळचे दमामवाले आणि रतनपूरचे गोमावाले पाहुणे म्हणून नव्हे, सहयजमान म्हणून. सिद्दी स्त्रिया फुगडीही घालतात. सोलापूरच्या बायकांबरोबर त्यांची एक फुगडी झाली, तर इतिहासाचे दहा तास वाचतील.

२०/ घरांचा आकडा आपल्याला सांगता येतो, कारण तो मोजला गेला. त्या घरांत कोण काय गाते, हेही मोजण्याजोगे आहे. ते काम आपण, तरुण इतिहासप्रेमींनी, आजपासून सुरू करू शकतो. विजापूरला गोलघुमट पाहायला जाल तेव्हा तोरवीपर्यंत जा आणि त्या रिकाम्या कमानींखाली थोडा वेळ थांबा. परत आल्यावर घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला विचारा की तिची आई काय गात असे. तिची परवानगी घेऊन ते ध्वनिमुद्रित करा. सोबत तिचे नाव, गाव, साल लिहा. दख्खनचा इतिहास किल्ल्यांनी जितका घडवला, तितकाच तो अंगणांनी राखला आहे. तुमच्या घरातले असे एखादे गाणे, कोणत्याही भाषेतले असो, कोणत्या प्रसंगी गायले जाई ते खाली लिहा. पुढचा थ्रेड त्यांवरच करू.